आधी मित्र हवेत

शेजाऱ्याला चहाला बोलवा, त्याच्या घरी आजारपण असेल तर डबा पोचवा, पत्रके वाटत फिरू नका. येशूचा विषय ओघात निघेल तेव्हा काढा. चर्चच्या प्रशिक्षणवर्गांत ही रीत आता इतकी रुळली आहे, की ती पहिल्यापासून अशीच असावी असे वाटते. तिचे मूळ शोधणारे बहुधा अमेरिकेत १९७० ते ८०च्या सुमारास निघालेल्या पुस्तकांपाशी थांबतात. मला ते अपुरे वाटते. मैत्रीची मागणी त्याच्या साठेक वर्षे आधी भर परिषदेत झाली होती. ती करणारा भारतीय होता आणि ज्यांच्याकडे केली ते मिशनरी होते.

त्याआधीचा रिवाज वेगळा होता. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. बाजारात उभे राहून उपदेश, शाळा, छापील पुस्तिका आणि जाहीर वादविवाद ही त्यांची आणि त्यांच्यामागून आलेल्यांची साधने. १८३१मध्ये मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट्ट दांडेकर यांचा वाद झाला. अशा वादांना श्रोते जमत, बाजू मांडल्या जात, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या घरी जात. घरी जाणे वेगवेगळेच.

१९१०च्या जूनमध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. तिथे तिरुनेलवेलीकडचे व्ही. एस. अझरय्या बोलायला उभे राहिले. वय पस्तीस. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : तुम्ही त्याग केलात, सेवा केलीत, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, पण तुमच्या-आमच्यात नाते आहे ते मालक-नोकराचे. आम्हांला मित्र हवेत. सभेत सगळ्यांनाच हे रुचले नाही. दोन वर्षांनी हेच अझरय्या अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. इथे मैत्री ही प्रचाराची युक्ती नव्हती. एकाच धर्माच्या गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एका पंगतीला बसावे, एवढीच ती तक्रार होती.

हीच खंत नगरला दुसऱ्या वाटेने आली. पुढे नगरला राहिलेले कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. त्याने अदबीने जागा दिली, आणि बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावर. येशू आला तो बऱ्याच वेळाने. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली. टिळकांना त्याचे नावही कधी कळले नाही. पुढे मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका प्रवासातल्या ओळखीला मैत्री म्हणावे का, असा प्रश्न पडेल. पण कविता आधी आणि धर्म नंतर, हा क्रम टिळकांनी पुढे आयुष्यभर पाळला.

बालकवी ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त ते घर वाचायला मिळते. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे घरातली त्यांची जागा हलली नाही, आणि माझ्या मते टिळकांच्या साऱ्या प्रवचनांपेक्षा हा पुरावा मोठा आहे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला मानणारे सगळे तिथे बंधू. दरबार नीट उभा राहण्याआधीच, ९ मे १९१९ला, टिळक गेले.

टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे जॅक विन्स्लो नगरलाच मिशनरी होते. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डचे. बंगल्यात राहून माणसे भेटत नाहीत हे त्यांना उमगले, आणि १९२२मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. इंग्रज आणि भारतीय सभासद खादी घालत, जमिनीवर बसून हाताने शाकाहारी जेवत. पुढे संघाचा आश्रम पुण्याला आला. शेजारधर्म, गप्पा, एकत्र प्रार्थना हे आज अभ्यासक्रमात कलमांसारखे शिकवतात. इथे ते रोजचे जगणे होते.

या पुण्याच्या आश्रमात १९२७ साली इंग्लंडहून व्हेरिअर एल्विन आले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली गेले. १९३२मध्ये ते संघातले मराठी ख्रिस्ती सोबती शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातल्या गोंडांच्या गावात राहायला गेले. तिथे त्यांनी धर्मांतराचे काम करायला नकार दिला. ज्याच्या घरी जेवतो त्याला आपल्या यादीत कसे घालायचे, हा पेच मैत्री खरी असली की पडणारच. शेवटी १९३५ साली त्यांनी चर्चही सोडले. चर्चमधले काहीजण याला घसरण म्हणतील. मला मात्र एल्विन अझरय्यांच्या मागणीचेच वारस वाटतात, जरा अडचणीचे असले तरी. हिवाळे त्यांच्याबरोबरच राहिले, आणि १९४६ साली त्यांनी एल्विनवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले.