पेन्शनर हवालदाराची लेखणी

सुरतेत आम्ही मराठी माणसं लिंबायत-उधन्यात राहतो. पोरं यंत्रमागावर, नाहीतर साडीच्या बाजारात. मराठी शाळेतल्या पोरांना मी शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या शिकवतोच, पण गोपाळ बाबा वलंगकरही सांगतो. कारण तलवार सगळ्यांना आवडते, लेखणी मागे राहते.

महाडजवळच्या रावढळचे हे महार सैनिक. गावच्या शाळेची दारं बंद, पण पलटणीत शिपायांना लिहायला-वाचायला शिकवत. हवालदार होऊन 1886 साली ते निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. तिथे पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. जोतीराव फुल्यांचे विचार डोक्यात होते, मग पेन्शन खात गप्प कसे बसतील? ‘दीनबंधू’ वृत्तपत्रात लिहू लागले. 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक काढलं. त्यात उपदेश कमी, सवाल जास्त: सव्वीस प्रश्न, थेट धर्मपंडितांना. विटाळाला आधार काय, तेवढं दाखवा!

पुढे सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. 1894 साली बाबांनी थेट सेनापतींच्या नावे अर्ज लिहिला. पेन्शन जाईल या धास्तीने काही सोबती सहीला कचरले. 1895 मध्ये ते महाडच्या लोकल बोर्डावर नेमले गेले, तेव्हा शेजारी बसायला उच्चवर्णीय सभासद कुरकुरले. 1900 साली बाबा गेले. सत्तावीस वर्षांनी त्याच महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या लढ्याची पहिली शाई या हवालदाराची, असं मी पोरांना छातीठोकपणे सांगतो.