नौदल दिनाची तारीख

आपल्याकडे कुठल्याही 'दिना'ची तारीख एकदा ठरली की सहसा बदलत नाही. नौदल दिनाची मात्र बदलली. २१ ऑक्टोबर, मग १ डिसेंबर, मग १५ डिसेंबर आणि १९७२ पासून ४ डिसेंबर. आमच्या फील्डमध्ये कुठल्याही प्रॉडक्टची व्हर्जन हिस्टरी वाचली की कोणी, कशासाठी, कोणाला खूश करायला बदल केला ते बरोब्बर कळतं. इथेही तसंच आहे. म्हटलं, या वीकएंडला हीच हिस्टरी वाचू.

पण आधी सोहळ्याबद्दल. मुंबईत राहून (किंवा पुण्याहून पहाटेची गाडी पकडून) तुम्ही गेटवेचा हा कार्यक्रम एकदाही पाहिला नसेल तर जरूर पाहा. संध्याकाळचं ऊन गेटवेच्या दगडावर तिरकं पडलेलं असतं आणि समोर समुद्रात युद्धनौका नांगर टाकून उभ्या असतात. मग ताजमहाल हॉटेलच्या बाजूने फटफट आवाज करत झेंडा लटकवलेली चेतक हेलिकॉप्टरं येतात. त्यांच्यामागून सी किंग. ते पाण्यावर स्थिर झालं की खालचं पाणी गोल गोल फाटतं, वाऱ्याने पुढच्या रांगेतल्या लोकांच्या टोप्या उडतात, आणि काळ्या कपड्यातले मार्कोस कमांडो दोरावरून असे खाली येतात की शेजारचे काका चहा प्यायचं विसरतात. मग नौदलाचा बँड, रायफलींची कवायत, सी कॅडेट पोरांचा नाच, शेवटी 'बीटिंग रिट्रीट' आणि सूर्यास्ताला ध्वज उतरवणं. अंधार पडला की समोरची जहाजं एकदम दिव्यांनी उजळतात. त्या क्षणी अख्ख्या गर्दीतून जो "आऽऽह" निघतो तो कुठल्याही व्हिडिओत येत नाही.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने विचारलं, "हा पोरांचा डान्स कुठला रे? कोळीनृत्य तर वाटत नाही." नाहीच ते. तो हॉर्नपाइप, जुन्या इंग्लिश खलाशांचा नाच. बीटिंग रिट्रीटसुद्धा सतराव्या शतकातल्या इंग्लिश लष्कराची प्रथा. तारखेची गोष्टही तिथूनच सुरू होते.

पहिला नौदल दिन साजरा झाला २१ ऑक्टोबर १९४४ला. ही तारीख ट्रॅफल्गारच्या लढाईची. १८०५ साली नेल्सनने फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराला हरवलं तो दिवस. भारताचा त्याच्याशी काय संबंध? काहीच नाही. पण तेव्हाचं आपलं नौदल 'रॉयल इंडियन नेव्ही' होतं, युद्ध चालू होतं आणि लोकांना नौदलाची ओळख करून द्यायची होती. मालकाची तारीख नोकराला लागू, इतकं सोपं.

पुढच्या वर्षी हवा जरा थंड असताना करावं म्हणून १ डिसेंबर ठरला. १९४५चा तो नौदल दिन मुंबई आणि कराचीत साजरा झाला. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

त्या दिवशी कुलाब्याच्या 'तलवार'वर लोकांना बोलावलं होतं. तलवार हे जहाज नव्हतं, किनाऱ्यावरची सिग्नलिंगची शाळा होती. सकाळी अधिकारी पाहतात तर परेड ग्राउंडवर जळक्या पताका पडलेल्या, झाडू आणि बादल्या दिमाखात टांगलेल्या आणि भिंतींवर 'चले जाव', 'बंड करा' अशा घोषणा रंगवलेल्या. हे काम करणाऱ्या खलाशांमध्ये एक होता बलाई चंद दत्त, वायरलेस ऑपरेटर. तो फेब्रुवारीत पकडला गेला.

१८ फेब्रुवारी १९४६ला तलवारच्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ याविरुद्ध संप केला. संप करणारे सगळे सिग्नलवाले! आजच्या भाषेत सांगायचं तर अख्खी नेटवर्क टीमच बंडात सामील झाली. बातमी वायरलेसवरून पसरायला वेळ लागला नाही. सुमारे ७८ जहाजं, २० किनाऱ्यावरची ठाणी आणि २० हजार खलाशी यात ओढले गेले. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि लाल बावटा असे तिन्ही झेंडे जहाजांवर एकत्र चढले. कराचीत 'हिंदुस्तान' या जहाजावर ब्रिटिशांनी तोफा डागल्या. मुंबईत गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली. परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या. अखेर सरदार पटेलांच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली. जीनांचा सल्लाही तोच होता.

बडतर्फ झालेल्या शेकडो खलाशांना पुढे ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. फाळणीत जहाजं वाटली गेली, टायपरायटरपर्यंत सगळं वाटलं गेलं. ही माणसं तेवढी कोणाच्याच वाट्याला आली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर नौदल दिन १५ डिसेंबरला होऊ लागला. मग आलं १९७१चं युद्ध.

सहा वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९६५ला, पाकिस्तानी नौदलाने द्वारकेवर तोफा डागल्या होत्या. नुकसान फार झालं नव्हतं, पण सल होता. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौका 'किल्तान' आणि 'कच्छल' यांच्या सोबतीने कराचीवर गेल्या. रशियाने या नौका बनवल्या होत्या स्वतःच्या किनाऱ्याचं रक्षण करण्यासाठी. त्या वेगवान, पण लांब पल्ल्यासाठी नव्हत्याच. आपल्या लोकांनी स्पेकमध्ये नसलेलं काम त्यांच्याकडून करून घेतलं. ऑपरेशन ट्रायडंट ते हेच. कमांडर बब्रू भान यादव यांच्या या तुकडीने 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक नौका बुडवली, आणि आपलं एकही माणूस न गमावता परत आली. द्वारकेवर तोफा डागणाऱ्यांत हीच खैबर होती. तिच्यासोबत दोनशेहून जास्त पाकिस्तानी खलाशी बुडाले. चार दिवसांनी दुसरा हल्ला झाला, ऑपरेशन पायथन. त्यात 'विनाश'ला सोबत होती 'त्रिशूल' आणि 'तलवार' यांची. हो, नाव तेच, तलवार.

१९७२ पासून ४ डिसेंबर हा नौदल दिन झाला. ही तारीख आपण स्वतः मिळवलेली आहे, तिचा अभिमान वाटायलाच हवा. पण ९ डिसेंबरही विसरू नये. त्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत.

आता १९४५ची ती दोन नावं पुन्हा पाहा. मुंबई आणि कराचीने नौदल दिन एकत्र साजरा केला, १९४६ला दोघींनी एकत्र गोळ्या झेलल्या आणि पंचवीस वर्षांनी एकीने दुसरीवर केलेला हल्ला हाच नौदल दिन झाला. यात कोणाची चूक वगैरे काढायची नाहीये. पण हॉर्नपाइप बघताना हे आठवलं की टाळ्या वाजवता वाजवता हात जरा थबकतो.

बाकी व्हर्जन अपडेट होतच आहे. २ सप्टेंबर २०२२ला कोचीत नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून स्फुरलेला अष्टकोन आला. २०२३चा मुख्य सोहळा सिंधुदुर्गाच्या साक्षीने झाला. ज्या किनाऱ्यावर महाराजांनी १६६४ला किल्ला बांधायला घेतला तिथे युद्धनौकांची प्रात्यक्षिकं होणं, मराठी माणसाला याहून काय पाहिजे!

१८ फेब्रुवारीला मात्र अजून कोणी स्टॉल लावत नाही की हेलिकॉप्टरं उडवत नाही. नौदल त्यांना अगदीच विसरलंय असं नाही. २०२२च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात नौदलाच्या चित्ररथावर हे बंड होतं. कुलाब्याला कूपरेजजवळ एका छोट्या बागेत नाविकाचा पुतळा आहे. आणि नौदलाने दोन टगबोटींना बी. सी. दत्त आणि मदन सिंग ही बंडातल्या दोन खलाशांची नावं दिली. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ढकलत, ओढत बंदराबाहेर खुल्या समुद्रापर्यंत नेणारी बुटकी बोट. ती स्वतः काही संचलनात मिरवत नाही.

तर मंडळी, यंदा डिसेंबरात गेटवेला जा, पण जरा लवकर निघा. कूपरेजची बाग वाटेतच आहे.