मॅट्रिमनी

मॅट्रिमनी : विवाह किंवा विवाहित अवस्था. मूळ लॅटिन शब्द ‘मात्रिमोनियुम’. ‘मातेर’ म्हणजे आई आणि ‘-मोनियुम’ हा अवस्था वा कायदेशीर स्थिती दाखवणारा प्रत्यय. म्हणून शब्दशः अर्थ ‘आईपण’. ‘मातेर’ आणि संस्कृत ‘मातृ’ एकाच आद्य इंडो-युरोपीय शब्दातून आले आहेत.

याच घडणीचा ‘पात्रिमोनियुम’ हा शब्द मात्र बापपण सांगत नाही. त्याचा अर्थ वडिलोपार्जित मालमत्ता. आईच्या नावाने लग्न आणि बापाच्या नावाने इस्टेट, ही वाटणी रोमन कुटुंबाची खरी ओळख आहे.

रोमन पुरुष स्त्रीला ‘मात्रिमोनियुममध्ये नेत’ असे. संस्कृत ‘विवाह’ शब्दातही ‘वह्’, म्हणजे वाहून नेणे, हा धातू आहे. रोमन विवाहाचा जाहीर हेतू औरस संतती हा होता. वैध विवाहासाठी ‘कोनूबियुम’ हा परस्पर विवाहाचा अधिकार लागे. गुलामांना तो नव्हता. त्यांच्या सहवासाला कायदा लग्न म्हणतच नसे. वैध विवाहातून झालेली मुले बापाच्या सत्तेखाली जात. ज्या आईवरून संस्थेला नाव मिळाले, तिला मुलांवर तशी कायदेशीर सत्ता नव्हती, हे विसरता कामा नये.

जुन्या पद्धतीत पत्नी नवऱ्याच्या ‘मानुस’खाली, म्हणजे ताब्यात जाई आणि कायद्याने त्याच्या मुलीसारखी धरली जाई. वर्षभर एकत्र राहिल्यानेही हा ताबा सिद्ध होई. त्यावर इ. स. पू. ४५० च्या सुमाराच्या ‘बारा पट्टिका’ या रोमन कायद्यात एक पळवाट होती: पत्नी दरवर्षी सलग तीन रात्री घराबाहेर राहिली, तर ताबा लागू होत नसे आणि लग्नही टिकून राही. पुढे ताब्याविनाचे लग्नच रूढ झाले.

जुन्या फ्रेंचमधून ‘मॅट्रिमनी’ हा शब्द मध्ययुगात इंग्रजीत आला. १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनाग्रंथातील विवाहविधीच्या शीर्षकात तो आहे. पोर्तुगीज रूप ‘मात्रिमोनियु’. भारतात इंग्रजी वृत्तपत्रांतील स्थळांच्या जाहिरातींमुळे ‘मॅट्रिमोनियल’ घरोघरी पोहोचले. वकिलांच्या बोलण्यात मात्र त्याचा अर्थ घटस्फोट-पोटगीचे दावे.

फ्रेंचमध्ये ‘मात्रिमुआन’ला आईकडून आलेली मालमत्ता असाही अर्थ होता. तो मागे पडला होता. स्त्री कलावंतांचा वारसा या अर्थाने तो शब्द पुन्हा वापरात आला असून २०१५ पासून फ्रान्समध्ये त्या नावाने वारसा-दिवस साजरे होतात.