मातांचा अलिखित वारसा

आयर्लंडचे लोक उपजीविकेसाठीं जगभर पांगले. परंतु 1 फेब्रुवारीस संत ब्रिजिड यांचा सण आला म्हणजे ते आपल्या स्त्रियांचें ऋण आठवितात. 2023 सालापासून तेथें या सणास सार्वजनिक सुटी आहे. दूरदेशींचीं कुटुंबें आतां पडद्यावर एकत्र येऊनही तो पाळितात.

त्यानंतर पांचच दिवसांनीं, 6 फेब्रुवारीस, नागासाकीच्या रक्तसाक्षींचा सण येतो. त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत. 1597 सालीं त्यांनीं क्रुसावर प्राण अर्पिले. 1862 सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांचे पिता पोर्तुगीज, माता वसईची. पुत्राचें नांव वेदीवर पोहोंचलें; मातेचें नांव चरित्रांत आढळत नाहीं.

हीच गत आमच्या सर्व मातांची झाली. 1739 सालीं मराठ्यांनीं वसई जिंकिली व बहुतेक पोर्तुगीज धर्मगुरु निघून गेले. तरी श्रद्धा घरोघर टिकली. मुलांच्या मुखीं प्रार्थना बसविणाऱ्या मातांचें हें श्रेय होय, असें आम्ही मानितों. गास, निर्मळ या गांवांतील लाल लुगडें, कादोडी बोली व लग्नगीतें यांचा सांभाळ स्त्रियांनींच केला.

आज नालासोपाऱ्याचीं कित्येक लेंकरें परदेशीं आहेत. या महोत्सवाच्या वर्षीं आमची विनंति एवढीच कीं, येत्या 6 फेब्रुवारीस त्यांसही पडद्यावर बोलवावें आणि प्रत्येक घरानें आपल्या आजीचें नांव व तिचें एक गाणें लिहून ठेवावें. देवालयाची भिंत पुन्हां बांधितां येते. आजीबरोबर गेलेलें गाणें परत येत नाहीं.