२३ नोव्हेंबर १८३७ : व्हान डर वाल्स यांचा जन्म

हॉलंडमधील लायडन शहरी एका सुताराच्या घरी जन्मलेल्या योहानेस व्हान डर वाल्स यांना, लॅटिन व ग्रीक येत नसल्याच्या सबबीवर, विद्यापीठीय परीक्षांची द्वारे कायद्यानेच बंद होती. ती अट शिथिल होईपर्यंत मास्तरकी करीत त्यांनी अध्ययन नेटाने चालविले, आणि १८७३ साली सादर केलेल्या त्यांच्या प्रबंधाने वायुविज्ञानाची दिशाच पालटली. स्थिर तापमानात दाब व आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो, हा बॉइलचा नियम विरळ वायूंना उत्तम लागू पडे. परंतु सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या खाली दाबाने चक्क द्रव होणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडपुढे त्याची मात्रा चालेना. व्हान डर वाल्स यांनी त्या हिशेबात दोनच बाबी नव्याने दाखल केल्या : रेणूंचे परस्पर आकर्षण, आणि खुद्द रेणूंनीच अडविलेली जागा. एवढ्या अल्प दुरुस्तीने वायू व द्रव यांच्या अवस्था एकाच सूत्रात गुंफल्या जाव्यात, ही एकोणिसाव्या शतकातील बुद्धिवैभवाची परमावधी होय, असे आमचे निःशंक मत आहे. १९०८ साली लायडन येथेच कामर्लिंग ओनेस यांनी हेलियम द्रवरूप केला, तो याच सिद्धान्ताचा आधार घेऊन. पुढे १९१० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक व्हान डर वाल्स यांना मिळाले.