एक ठाणे रिटर्न

माझी आई डोंबिवली स्टेशनवर तिकीट काढायला गेली की यंत्राशी बोलत नाही, यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलते. "एक ठाणे रिटर्न," एवढंच म्हणते आणि पैसे पुढे करते. तो आपलं स्मार्ट कार्ड यंत्रावर ठेवतो, पडद्यावर तीन-चार ठिकाणी बोट लावतो आणि आलेला कागद तिच्या हातात देतो. हा माणूस बरेचदा रेल्वेतून निवृत्त झालेला असतो. रेल्वेच्या कागदोपत्री त्याला 'फॅसिलिटेटर' म्हणतात आणि कार्ड रिचार्ज केल्यावर मिळणारी जादा रक्कम ही त्याची कमाई.

खिडकीवरची रांग कमी व्हावी म्हणून यंत्र आलं आणि त्या यंत्रापुढे पुन्हा एक माणूस उभा करावा लागला. याला आईचा अडाणीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. मीही बरीच वर्षं तेच करत होतो. पण तिकीट या वस्तूचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा वाटलं की चुकत मीच होतो.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. पुढच्या वर्षी, मे 1854 मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. त्याआधी पंधराएक वर्षं इंग्लंडमध्ये थॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तराने एक युक्ती काढली होती. हा मूळचा फर्निचर बनवणारा. धंद्यात दिवाळं निघाल्यावर तो रेल्वेत लागला. तिथे प्रत्येक प्रवाशाचं तिकीट हाताने लिहावं लागे. त्यात वेळ जाई आणि पैशांचा हिशेबही लागत नसे. एडमंडसनने पुठ्ठ्याची छोटी, साधारण 57 बाय 30 मिलिमीटरची तिकिटं आधीच छापून घेतली आणि त्यांवर ओळीने क्रमांक घातले. तिकीट देताना तारखेच्या यंत्रात घालायचं, की तारीख उमटलीच.

त्यातली खरी हुशारी क्रमांकात होती. सकाळी गठ्ठ्यात वर कुठला आकडा होता आणि रात्री कुठला आहे, या दोहोंतली वजाबाकी म्हणजे दिवसभराची विक्री. कारकुनाने काही लिहिलं नाही तरी गठ्ठाच हिशेब ठेवत होता. ज्यांनी पुठ्ठ्याची तिकिटं पाहिली आहेत, त्यांना खिडकीमागची खणाखणांची ती लाकडी मांडणी आणि तारीख उमटतानाचा 'खट्' आवाज आठवेल. प्लॅटफॉर्मवरच्या रंगीत दिव्यांच्या वजनकाट्यातूनही तसंच पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य.

या व्यवस्थेत प्रवाशाकडून अपेक्षा होती ती एकाच गोष्टीची. कुठे जायचं, ते तोंडाने सांगता आलं पाहिजे. बाकीचं ज्ञान खिडकीपलीकडे होतं.

रेल्वेचं तिकीट आणि संगणक यांचं नातं मात्र आपण समजतो त्याहून जुनं आहे. अमेरिकेची 1880 ची जनगणना मोजून संपायला सात-आठ वर्षं लागली. पुढच्या जनगणनेचं काय, हा प्रश्न हर्मन हॉलरिथ या तरुण अभियंत्याला पडला होता. एका रेल्वेप्रवासात त्याच्या पाहण्यात आलं, की कंडक्टर तिकिटावर ठरावीक जागी भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवतो. केस काळे की फिके, डोळे कसे, नाक केवढं. हेतू हा, की एकाचं तिकीट दुसऱ्याने वापरू नये. माणसाची माहिती भोकांमध्ये मांडता येते, ही कल्पना हॉलरिथने तिथून उचलली. 1890 ची जनगणना त्याच्या पंचकार्डांवर आणि यंत्रांवर मोजली गेली. ज्या कंपन्या एकत्र येऊन पुढे आयबीएम झाली, त्यांतली एक त्याची होती. 1964 मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला, तेव्हाही संशोधक त्याच्याशी पंचकार्डांच्या गठ्ठ्यांमधूनच बोलत. म्हणजे तिकिटापासून निघालेली कल्पना जगभर फिरली आणि संगणक होऊन पुन्हा तिकीटखिडकीत येऊन बसली.

खिडकीत संगणक आला तरी आमचं काही बिघडलं नाही. पुठ्ठ्याऐवजी पातळ कागद मिळू लागला, पण वाक्य तेच राहिलं, "एक ठाणे रिटर्न". बदल झाला तो कुपनांमुळे. कुपनांचं पुस्तक आधी विकत घ्यायचं, भाड्याइतक्या रकमेची कुपनं निवडायची आणि ती यंत्रात घालून त्यांवर स्टेशन, तारीख आणि वेळ उमटवून घ्यायची. कुठल्या स्टेशनला किती भाडं, हे आता प्रवाशाने पाहायचं आणि बेरीजही त्यानेच करायची. कारकुनाचं निम्मं काम आमच्याकडे आलं. आम्ही ते आनंदाने केलं, कारण रांग टळत होती. शिवाय कुपनांचं पुस्तक घरात सगळ्यांचं होतं. फ्रिजवर पडलेलं असायचं, ज्याला जायचं तो उचलायचा. 2015 च्या सुमारास ती यंत्रं गेली.

2007 मध्ये स्मार्ट कार्डवर चालणारी एटीव्हीएम यंत्रं आली. कार्ड जागेवर ठेवलं की यंत्र जागं होतं. याच प्रकारच्या कल्पनेवर परदेशात दीड दशक आधी काम झालं होतं. 1992 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ड्युरेल बिशप याने एका आन्सरिंग मशीनची रचना मांडली. आलेला प्रत्येक निरोप म्हणजे एक गोटी. गोटी एका खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येतो, दुसऱ्या जागी ठेवली की निरोप देणाऱ्याला फोन लागतो. 1997 मध्ये एमआयटीच्या हिरोशी इशी यांनी अशा विचाराला 'टँजिबल बिट्स', म्हणजे हाताला लागणारी माहिती, असं नाव दिलं. त्यांचं आवडतं उदाहरण होतं मणिचौकटीचं, जिच्यात आकडा बोटाला लागतो आणि मोजण्याची कृती समोरच्यालाही दिसते.

मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गावर 2014 मध्ये मिळणारं प्लास्टिकचं टोकन बिशपच्या गोटीचंच भावंडं होतं. आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. घाटकोपरला उतरणाऱ्या कल्याण-डोंबिवलीकरांना ते कुणी शिकवावं लागलं नाही, पुढच्याचं पाहून मागचा शिकला. पुढे त्याची जागा क्यूआर कोडच्या कागदाने घेतली. एटीव्हीएमचं कार्ड मात्र टोकनइतकं सरळ नाही. कार्ड ठेवून फक्त दार उघडतं. त्यानंतर मार्ग, स्टेशन, प्रवासी, एकेरी की परतीचं, हे सगळं पडद्यावर वाचून सांगावं लागतं. वस्तू उरली, पण तिच्यातलं शहाणपण पडद्यात गेलं.

2014 च्या अखेरीस मोबाइल ॲपवर तिकीट आलं आणि वस्तूही गेली. मी स्वतः ॲपच वापरतो. वेळ वाचतो, सुट्ट्या पैशांची कटकट नाही, आणि त्याची सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण आता यंत्राला माझा नंबर हवा, मी स्टेशनपासून किती दूर उभा आहे ते हवं, चार्ज असलेला फोन हवा. बिनकागदाचं तिकीट ज्या फोनवर काढलं, त्याच फोनवर दाखवावं लागतं. ते काढून आईच्या हातात देता येत नाही.

ऑगस्ट 2021 मध्ये लसीचे दोन डोस झालेल्यांसाठी लोकल खुली झाली, तेव्हा प्रमाणपत्र ऑनलाइन होतं. तरीही स्टेशनवरच्या पालिकेच्या टेबलापुढे रांग लावून आम्ही त्याच्या छापील प्रतीवर शिक्का मारून घेतला आणि तो कागद दाखवून पास काढला. अडचणीच्या वेळी व्यवस्थेलाही हातात धरता येणारी वस्तूच लागली.

पुठ्ठ्याच्या तिकिटाने प्रवाशाला एक वाक्य विचारलं. कुपनाने बेरीज विचारली, यंत्राने वाचन विचारलं, फोनने सगळी ओळखच विचारली. प्रत्येक टप्प्यावर खिडकीपलीकडचं काम अलीकडे सरकत आलं आणि ज्याला ते जमलं नाही, तो मागे राहिला. यंत्राशेजारचा तो माणूस ही दरी स्वतःच्या कार्डाने बुजवतो.

परवा मावशीकडे जायला आई निघाली, तेव्हा मी म्हटलं, "मी फोनवर काढतो, मीच सोडतो तुला ठाण्याला."

"सोडायला ये हवं तर," ती म्हणाली, "पण परत मी एकटी येईन. तिकीट माझ्याकडे राहू दे."

तिने कागदाची घडी घालून बटव्यात ठेवली आणि बटवा कमरेला खोचला.