नाण्याची साक्ष

बंगळूरच्या शिवाजीनगरात जुन्या लष्करी छावणीच्या बाजाराच्या खुणा अद्याप टिकून आहेत. 1927 साली उभारलेल्या रसेल मार्केटातील माल डोळ्यांना दिसतो, तराजूत तोलता येतो. तेथून जवळच, क्वीन्स रोडवर, केंद्रीय महसुलाच्या कचेऱ्या आहेत. त्यांच्यापुढे मात्र वेगळाच माल येतो. संगणकाच्या कामावर नावारूपास आलेल्या या शहराच्या निर्यातीला ना तराजू लागतो, ना बंदर.

परदेशी जाणाऱ्या मालावर सीमाशुल्काचा शिक्का बसतो. सेवेवर तो कोठे मारावयाचा? 1994 साली सेवाकर सुरू झाला आणि पुढे हा प्रश्न उभा राहिला. 9 एप्रिल 1999 च्या अधिसूचनेने त्याचे सोपे उत्तर दिले: मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात भारतात आला आणि येथेच राहिला, की कर माफ. शिक्क्याच्या अभावी नाणेच साक्षीदार झाले. 1991 साली ज्या देशाला सोने गहाण टाकावे लागले, त्याला डॉलरचे एवढे अगत्य वाटावे हे स्वाभाविकच होते.

ही सवलत मार्च 2003 मध्ये गेली व नोव्हेंबरात परत आली. 2005 च्या निर्यात-नियमांनी इतरही कसोट्या घातल्या. चलनाची अट तथापि कायम राहिली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, तोही ही अट घेऊनच.

येथे साक्षीदारच न्यायाधीश होऊन बसला. काठमांडूच्या ग्राहकाने बंगळूरच्या सल्लागारास एक लाख भारतीय रुपये दिले, तर ग्राहक परदेशी, सेवाही परदेशी. तरी ती निर्यात नव्हे! 18 टक्के दराने 18,000 रुपये कर. तोच मोबदला डॉलरमध्ये आला असता, तर कर शून्य.

27 ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेने नेपाळ व भूतानपुरती माफी दिली. 1 फेब्रुवारी 2019 पासून तर व्याख्याच पालटली: रिझर्व्ह बँकेची अनुमती असेल तेथे रुपयांतील मोबदलाही निर्यातीचा मानला जाऊ लागला. जुलै 2022 मध्ये त्या बँकेने परदेश-व्यापाराची देणीघेणी रुपयांत फेडण्याची व्यवस्था जाहीर केली.

नाण्याची साक्ष अजूनही काढली जाते. मात्र स्वदेशी नाण्याची साक्ष आता सरसकट अग्राह्य ठरत नाही.